‘फॅन बेल्ट – ओके’

सकाळी सात-दहाला फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. “मॅडम, गाडी गरम हो के बंद पड गई, विक्रोळी ब्रिज के पहले, अंदर से धुआं आ रहा है.” जुलै महिना, धो धो पाऊस, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेची सायनकडे जाणारी बाजू, आणि गाडीत दादर-परळच्या मेडिकल दुकानांचा माल. मुंबईत राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. अर्ध्या तासात मागे कांजुरपर्यंत गाड्या तुंबल्या, ट्रॅफिक हवालदार आमच्या ड्रायव्हरला झापतोय ते मला फोनवर ऐकू येतंय, दुकानदारांचे फोन वेगळे, आणि साहेब त्या दिवशी नेमके गावी.

टोचन लावून गाडी भांडुपला यार्डात आणली. मिस्त्रीने केबिन उचलली आणि दोन मिनिटांत सांगितलं, फॅन बेल्ट तुटलाय. त्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप त्याच रबरी बेल्टवर चालतो, म्हणजे बेल्ट तुटला की पंप थांबला, पंप थांबला की इंजिन तापलं, आणि आमच्या ड्रायव्हरभाऊंनी काटा लालमध्ये गेल्यावरही ‘जरा ब्रिज पार करतो’ म्हणून रेटली, त्यात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेलं. बेल्ट चार-पाचशे रुपयांचा. टोचन, गॅस्केट, हेडचं फेसिंग, मजुरी, माल पोचवायला भाड्याने घेतलेली दुसरी गाडी हे सगळं धरून आकडा कुठे गेला ते नाही लिहीत, घरचे वाचतील.

पण मला खरा झटका बसला तो दुपारी. फाईल काढली, त्या गाडीचा चेकिंगचा फॉर्म बघितला, तीन दिवसांपूर्वीचा. बत्तीस रकाने, बत्तीस टिक, एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने, अशा की एका दमात वरून खाली मारत गेल्यासारख्या. एकविसावी ओळ, फॅन बेल्ट – ओके. आणि खाली तपासणाऱ्याची सही. माझी.

मी बी.कॉम. आहे. अकाउंटला लागले होते, आधीचा गाड्या बघणारा माणूस सोडून गेला आणि साहेब म्हणाले, “तू हिशोबात पक्की आहेस ना, मग गाड्यांचं पण बघ थोडे दिवस.” ते थोडे दिवस आता सहा वर्षं झाले. एकोणीस गाड्या आहेत आमच्याकडे, दहा छोटा हत्ती म्हणजे लहान टेम्पो, सहा चौदा फुटी हौद्याच्या आणि तीन सतरा फुटी. रात्री भिवंडीजवळ माणकोलीच्या गोडाऊनला लोड होतात, पहाटे भांडुपला येतात, सकाळी मुंबईभर माल वाटायला सुटतात. मला तेव्हा गाडीतलं काय कळत होतं तर विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते आणि डिझेलचं बिल किती. मेंटेनन्स म्हणजे आमच्याकडे दोनच गोष्टी, गाडी बंद पडली की मिस्त्री आणि पासिंग आलं की रंग.

पासिंगची गंमत तर सांगायलाच हवी. मालवाहू गाडीला फिटनेस लागतं, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याच्या पुढच्या गाडीला दरवर्षी. आरटीओची तारीख आली की आठ दिवस आधी धावपळ, पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप नवीन, नंबर प्लेट घासून चकाचक, तुटलेला इंडिकेटर बदल, हॉर्न बघ, वायपरला रबर टाक, आणि टायर गुळगुळीत असतील तर दुसऱ्या गाडीचे काढून लाव, पासिंग झालं की परत ज्याचे त्याला. खोटं कशाला बोलू, हे आमच्याकडे व्हायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट वाटायचं सरकारनेच तपासली की गाडी, पास झाली, आता दोन वर्षं चिंता नाही. पासिंग झालं म्हणजे त्या दिवशी त्या वेळेला गाडी ठीक होती एवढंच, हे त्या बेल्टने शिकवलं.

तर काका. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहतात, बेस्टच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बेस्टची पहिली बस १९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली हे ते असं सांगतात की जणू स्वतः क्लीनर होते त्या बसवर. मी त्यांना रडगाणं सांगितलं, म्हटलं काका एकदा येऊन बघा ना. ते म्हणाले रविवारी येतो, पण चहा माझ्या पद्धतीचा लागेल, साखर कमी.

आले. गाडीला हात लावला नाही. आधी फॉर्म मागितला. चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचला, आणि मला विचारलं, “टायर ओके म्हणजे किती?”

“किती म्हणजे? ओके म्हणजे चांगला.”

“अगं हवा किती, नक्षी किती उरली? ओके हा काय आकडा आहे का?”

मी गप्प. हिशोबात पक्की मुलगी ना मी, आणि माझ्या कुठल्या खात्यात मी रकमेच्या जागी ‘ओके’ लिहिलं असतं का? जमा – ओके, खर्च – ओके. साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि इथे एकोणीस गाड्यांचे महिनोन् महिन्यांचे फॉर्म, हजारो टिक, आणि एक आकडा नाही.

मग त्यांनी त्या दिवशी रात्री चालून आलेली एक चौदा फुटी उभी करायला सांगितली आणि ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करून फेरी मारली, तळहात नाही, हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, नेत. मागची बाजू का, तर जास्त तापलेलं असेल तर हात आपोआप मागे येतो, तळव्याने धरलं तर भाजूनच बाहेर पडतो. पुढचं डावं, ठीक. मागचं डावं, ठीक. मागच्या उजव्याला त्यांनी हात झटकला. मला म्हणाले तू बघ. मी नेला, आणि खरंच, तव्याजवळ नेल्यासारखं. ब्रेक सुटत नव्हता पूर्ण, लायनर (ब्रेकचा आतला थर) ड्रमला घासत होतं आणि गाडी रोज माणकोली ते भांडुप तशीच येत होती, वर डिझेल जास्त खाते म्हणून आम्ही ड्रायव्हरवर संशय घेत होतो. बिचारा. त्याला मी नंतर सॉरी म्हटलं, तो म्हणाला जाऊ दे ताई, सवय आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत फॉर्म फाडून नवीन केला. बत्तीसचे चौदा झाले रोजच्या फेरीसाठी, आणि बाकीचं महिन्याच्या तपासणीत. टिकचा रकानाच ठेवला नाही. हवा – किती. नक्षी – किती मिलिमीटर. बॅटरी – इंजिन बंद असताना किती व्होल्ट, चालू असताना किती, बंद असताना साडेबाराच्या वर पाहिजे, चालू केल्यावर साधारण चौदाच्या आसपास यायला पाहिजे, नाही आला तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये किंवा तोच आपला बेल्ट सैल. व्ही बेल्ट असेल तर दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबून किती खाली जातो ते, आमच्या गाड्यांत सेंटिमीटरच्या आसपास. आणि बेल्टची आतली बाजू उलटी करून टॉर्चने बघायची, भेगा आतून पडतात, वरून बेल्ट कायम नवा दिसतो. तुटलेला बेल्ट मी नंतर हातात घेऊन वाकवला होता, आतून उन्हाळ्यातल्या शेतासारखा भेगाळलेला, तो तीन दिवसांत तसा झालेला नव्हता नक्कीच.

नक्षी मोजायचं छोटं गेज मिळतं, पेनाएवढं, कुर्ल्याला सीएसटी रोडवरून पाच आणले. टायरच्या खाचांमधे एक बारीक उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. काका म्हणाले तो कागदावरचा शेवट, पावसाळ्यात मुंबईत तिथपर्यंत जायचंच नाही, तीनला काढ. साहेबांनी डोळे मोठे केले पण तीन ठरलं. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर लावायचा नाही हेही तेव्हाच ठरलं. आणि टायरवर चार आकडी तारीख असते ते मला माहीतच नव्हतं, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा, आमच्या एका स्टेपनीवर तर असा आकडा निघाला की नक्षी नव्यासारखी आणि रबर पापडासारखं कडक.

आता खरा घोळ. गाडी महिन्यातून एकदा खालून बघायची तर उभी कधी करणार? रोज ट्रिप आहे. शेवटी रविवार काढला, रविवारी माल कमी असतो. जवळच्या एका वॉशिंग सेंटरचा रॅम्प रविवारी दुपारनंतर रिकामा असतो, तो ठरवला, चार रविवारी मिळून एकोणीस गाड्या, म्हणजे एका रविवारी पाच, शेवटच्याला चार. कागदावर मस्त बसलं. पहिल्या रविवारी पाचपैकी दोन गाड्या आल्या.

एक ड्रायव्हर गावाला, एकाचा फोन बंद, आणि तिसरा, तोच विक्रोळीवाला, “मॅडम, मेरी गाडी एकदम मक्खन है, दिखाने का जरूरत नहीं.” मी दोन आठवडे चिडचिड केली, नोटीस लावली, शेवटी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरमामांना चहाला बसवून विचारलं की मामा खरं सांगा, लोक का येत नाहीत. मामा म्हणाले, “ताई, रविवारची सुट्टी गेली, वर त्या दिवसाचा भत्ता नाही. आणि गाडीत काही निघालं तर सोमवारी गाडी उभी, म्हणजे सोमवारचा पण भत्ता गेला. मग कोण कशाला सांगेल गाडीला काय झालंय ते?”

एवढं साधं. आम्ही दुखणं सांगणाऱ्याचाच खिसा कापत होतो आणि वर म्हणत होतो ड्रायव्हर लोक काही सांगत नाहीत. मी साहेबांकडे गेले, म्हटलं तपासणीच्या दिवसाचा भत्ता द्या, आणि ड्रायव्हरने स्वतः सांगितलेल्या फॉल्टमुळे गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचाही द्या. साहेब म्हणाले, मग रोज एक जण येईल गाडीला सर्दी झाली म्हणून. तीन महिने ट्रायल ठरली, मोठ्या नाखुशीने. खोट्या तक्रारी आल्याच नाहीत असं नाही, एक-दोन आल्या, कळतात लगेच. पण पुढच्या रविवारी पाचच्या पाच गाड्या रांगेत, आणि एक जण तर येताना वडापाव घेऊन आला सगळ्यांना.

पहिले तीन महिने मात्र माझी झोप उडाली होती. स्पेअरचं बिल कमी होण्याऐवजी वाढलं, चांगलंच वाढलं. साहेब दर सोमवारी बिलं टेबलावर पसरून म्हणायचे, “तपासत नव्हतो तेव्हाच बरं होतं की.” टाय रॉड एंड हलतोय, किंग पिनला खेळ आहे, शाफ्टचा क्रॉस वाजतोय, पाट्याची एक पट्टी तुटलेली, ग्रीसचे निपल मातीने बुजलेले की ग्रीस गन मारली तर ग्रीस बाहेरूनच ओघळतंय, सायलेन्सरचा पत्रा गंजून चाळण. हे सगळं आधीपासून होतंच, फक्त दिसत नव्हतं, आणि मी अकाउंटवाली असून मलाही ते समजायला वेळ लागला की ही नवीन उधारी नाही, जुनी थकबाकी आहे. चौथ्या महिन्यापासून बिल उतरायला लागलं. साहेबांनी त्यावर काहीही म्हटलं नाही. साहेब काही म्हणाले नाहीत म्हणजे खूश आहेत, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

ऑइलच्या बाबतीत माझा जुना हिशोब कामी आला. छोट्या गाड्यांचं ऑइल आम्ही दहा हजार किलोमीटरला बदलायचो, तशी पद्धतच होती. आता छोटा हत्ती दिवसाला फिरतो साठ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर चौदाशे चाळीस, म्हणजे दहा हजार व्हायला सात महिने. पण जीपीएसमधे इंजिन किती तास चालू होतं ते येतं, ते काढलं तर दिवसाला पाच तास. साठ किलोमीटरला पाच तास! जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईच्या अलीकडे संध्याकाळी उभं राहिलेल्या माणसाला हे खोटं वाटणार नाही. सात महिन्यांत इंजिन आठशे चाळीस तास चाललं. हीच गाडी हायवेला चाळीसच्या सरासरीने गेली असती तर दहा हजार किलोमीटर अडीचशे तासांत झाले असते. म्हणजे किलोमीटरच्या काट्यावर ऑइल तरुण आणि प्रत्यक्षात तिपटीहून जास्त राबलेलं. मग ठरवलं, सहा हजार किंवा चार महिने, जे आधी येईल ते. गाडीच्या पुस्तकातही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गर्दीत, धुळीत चालणाऱ्या गाडीला लवकर करा, पण ते पुस्तक आमच्याकडे सगळ्या गाड्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट होतं, अगरबत्तीच्या पुड्याखाली.

पावसाळ्याचं वेगळं प्रकरण. हिंदमाता, सायन, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, इथे पाणी भरणार हे मुंबईत पोरालाही माहीत असतं, तरी माल पोचवायचा म्हणून ड्रायव्हर पाण्यातून काढतात आणि वर शूरपणाने सांगतात, निकल गई मॅडम. मला वाटायचं निघाली ना, झालं. एका सोमवारी अशीच निघालेली सतरा फुटी रविवारच्या रांगेत नसताना काकांनी मुद्दाम बोलावली. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, लेव्हलचा बोल्ट सैल केला, आत करंगळी घातली आणि बाहेर काढून मला दाखवली. ऑइल काळपट-सोनेरी असायला हवं, हे होतं दुधाच्या कॉफीसारखं. अक्षरशः कटिंग चहाच्या ग्लासात ओतलं असतं तर कुणीतरी प्यायला घेतलं असतं. काकांनी कारण सांगितलं, गाडी चालून चालून हाउसिंग तापलेलं असतं, एकदम थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ओढून घेते, वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी ओढते. गिअर त्या दुधात फिरत राहिले तर काही दिवसांनी रस्त्यातच आवाज करून बसतील आणि तेव्हा कुणाला आठवणारही नाही की दोन महिन्यांपूर्वी हिंदमाताला पाणी होतं.

तेव्हापासून नियम, हबच्या वर पाण्यातून गाडी काढली तर त्या संध्याकाळी फॉर्मवर ‘पाणी’ लिहायचं, जागा लिहायची, ओरडा बसणार नाही. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं, ब्रीदर फुंकून साफ, ग्रीसिंग, आणि ब्रेक वाळेपर्यंत हळू. छोट्या गाड्यांचं ब्रेक ऑइल पण तसंच पाणी शोषतं, डबा उघडा ठेवला तरी, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

सतरा फुटी गाड्या एअर ब्रेकच्या. त्यांच्या हवेच्या टाकीत पाणी साचतं, विशेषतः पावसाळ्यात, आणि ते काढायला टाकीखाली एक कडी असते, ओढली की फस्सकन हवेबरोबर पाणी बाहेर. आमच्याकडे तीनपैकी दोन गाड्यांच्या कड्या गंजून हलतच नव्हत्या. पहिल्यांदा ओढली तेव्हा जे निघालं ते पाणी नव्हतं, तेलकट, राखाडी, वास मारणारा कसला तरी काढा होता, माझ्या पंजाबीवर उडाला, डाग अजून आहे. आता रोज सकाळी. आणि महिन्याला हवेची गळती, टाकी भरायची, इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा, काटा आता किती आणि पाच मिनिटांनी किती, दोन्ही आकडे लिहायचे. काटा उतरला की साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जोडांवर फिरायचं. एकदा पाइपाच्या पितळी जोडावर एकच बारीक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता, आम्ही चार जण वाकून तो बघत होतो, जसं काही बाळ हसतंय.

नवीन दोन गाड्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या, १ एप्रिल २०२० नंतरच्या. यांचं दुखणं वेगळं, धूर गाळायचा फिल्टर असतो, त्यात काजळी साचते आणि सायलेन्सर चांगला तापला की ती जळून जाते. पण मुंबईत रांगत चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तेवढा तापतच नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, ड्रायव्हर त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवतो. खोटं नाही, चिकटवला होता. मग आम्ही ट्रिपच बदलल्या, या दोन गाड्यांना आठवड्यातून दोनदा तरी नाशिक हायवेला भिवंडीच्या पुढची लांब फेरी द्यायची, काजळी जळायला. डिस्पॅचवाला माझ्यावर अजून चिडतो यावरून. आणि अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत ओतायचं युरियाचं पाणी, सीलबंद बादलीतूनच, त्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो म्हणून कुणीतरी शेतातला युरिया पाण्यात कालवायची आयडिया दिली होती, ती मी तिथेच गाडली.

चाकाच्या नटांना मी पट्टे मारते, नट आणि रिम यांच्यावरून एक सलग रेघ. नट फिरला की रेघ तुटते, दिवसा फेरी मारताना लांबून दिसतं. पहिल्यांदा रंग नव्हता तर माझी जुनी गडद गुलाबी नेलपॉलिश वापरली, ड्रायव्हर लोक आठ दिवस हसत होते, आता तेच मागायला येतात, मॅडम वो गुलाबी वाला खतम हो गया. पंक्चर काढल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट परत आवळायचे हे तर किती सांगून झालं, तरी रात्री अडीचला हायवेला पंक्चर काढून आलेला माणूस सकाळी झोपेत असतो, रेघ मारायची राहते. तिथे मी अजून कच्ची आहे.

आणि आकडा लिहायला लावला म्हणजे खोटेपणा संपला असंही समजू नका. एका पठ्ठ्याने आठवडाभर सगळ्या चाकांची हवा ९० लिहिली. पुढचा डावा ९०, पुढचा उजवा ९०, स्टेपनी ९०. आठव्या दिवशी मी सहज मागे जाऊन बघितलं तर स्टेपनीच नाही. कुणीतरी कधीच काढून नेली होती. पण टिक असती तर मला कधी कळलंच नसतं, सगळीकडे एकच आकडा बघून शंका तरी आली. खऱ्या मापात सगळे टायर सारखे कधी येतच नाहीत, ८८, ९१, ८५, असंच येणार.

दसऱ्याला आधी आम्ही वर्षातून एकदाच गाड्या नीट धुवायचो, झेंडू, लिंबू-मिरची, नारळ, आणि धुताना हमखास काहीतरी सापडायचं, फाळक्याची तुटलेली बिजागरी नाहीतर लीक झालेला पाइप. यंदा धुताना काही सापडलं नाही. मक्खनवाल्याला तर वाईट वाटलं बहुतेक, गाडीखाली वाकून वाकून शोधत होता. आता त्याच्या फॉर्मवर शेवटच्या रिकाम्या जागेत काहीतरी असतंच, परवा लिहिलं होतं, ‘सुबह ठंडा में बेल्ट चीं बोलता है, पांच मिनिट बाद चुप.’ बघितला, सैल होता, आवळला.

काकांचे गुडघे गेलेत. रॅम्पखाली वाकणं होत नाही आता, मिस्त्रीला रविवार जमत नाही, म्हणून आमच्या एका क्लीनर पोराला तयार करतोय, एकोणीस वर्षांचा आहे, हात चांगला आहे, वाचायचा कंटाळा. गेल्या रविवारी काका प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात कमी साखरेचा चहा, पोरगा खाली टॉर्च घेऊन ब्रेकच्या मागच्या प्लेटचं रबरी बूच काढून आत डोळा लावून बसलेला.

“लायनर ठीक आहे काका!” खालून आवाज आला.

“किती?”

थोडा वेळ शांत. गेज घासल्याचा आवाज.

“सात!”

“कुठलं सात? डावं का उजवं?”

परत शांत. मग पोरगं खालच्या खाली दुसऱ्या बाजूला सरकल्याचा आवाज आला, आणि काकांनी मला पेन उघडायची खूण केली.